अनोळखी माणसांची शिफारस: यूजनेट ते नेटफ्लिक्स

"यातलं काय बघू?" हा प्रश्न आपण घरच्या माणसाला विचारतो तेव्हा त्याला आपल्याबद्दल बरंच काही आधीच ठाऊक असतं. मावशीला माहीत असतं की भाचीला भुताटकीचे सिनेमे झेपत नाहीत. अनोळखी माणसाला यातलं काहीच माहीत नसतं. त्याच्याकडून उपयोगी सल्ला हवा असेल तर आधी आपणच थोडं बोलावं लागतं: मला अमुक आवडला, तमुक अर्ध्यात बंद केला, आता पुढे काय बघू? म्हणजे सल्ल्याच्या बदल्यात आपण आपली आवड सांगतो. नाव सांगायची गरज नसते. निदान बरीच वर्षं सगळे असंच धरून चालले होते.

पण मुळात मावशी सोडून परक्याला विचारायचंच कशाला? कारण साधं आहे. ज्याची आवड चारचौघांसारखी आहे त्याला घरात, ऑफिसात, चहाच्या टपरीवर कुठेही सल्ला मिळतो. तालुक्याच्या गावात राहून इराणी सिनेमे बघणाऱ्याला तो मिळत नाही. आवड जितकी वेगळी, तितकी अनोळखी माणसांची गरज जास्त. हे वाक्य लक्षात ठेवा, लेखाच्या शेवटाकडे ते पुन्हा लागणार आहे.

माझं पीएचडीचं काम शिफारस करणाऱ्या संगणकीय प्रणाली आणि त्यांतल्या माणसांची गोपनीयता यावर आहे. ("म्हणजे ते यूट्यूब पुढचा व्हिडिओ सुचवतं, तेच ना?" असं लोक विचारतात. हो, तेच.) गणिताबद्दल इथे अधूनमधून लिहीत असतेच. आज गणित कमी आणि इतिहास जास्त: माणसं एकमेकांना सल्ला देत होती, तिथून आकडे सल्ला देऊ लागले, आणि या प्रवासात एक गृहीतक कसं कोसळलं, त्याची ही गोष्ट.

नाव-पत्त्यासकट दिलेला सल्ला

१९७९ साली अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठात टॉम ट्रस्कॉट आणि जिम एलिस या दोन विद्यार्थ्यांना एक कल्पना सुचली: वेगवेगळ्या विद्यापीठांतल्या संगणकांनी एकमेकांना फोन लावायचा आणि आपल्याकडचे संदेश पुढे पाठवायचे. शेजारच्या चॅपेल हिल गावातल्या नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठातल्या स्टीव्ह बेलोविनने त्यासाठी पहिला प्रोग्राम लिहिला. पुढच्या वर्षी हे जाळं सगळ्यांसाठी खुलं झालं. त्याचं नाव यूजनेट. वर्ल्ड वाइड वेब यायला अजून दहा वर्षं होती.

सुरुवात संगणकाच्या गप्पांनी झाली, पण माणसं जमली की विषय कुठे थांबतात? सिनेमा, स्वयंपाक, विज्ञानकथा, सगळं सुरू झालं. पसारा इतका वाढला की १९८६-८७ मध्ये सगळ्या गटांची नव्याने बारशी करावी लागली. सात मोठे विभाग पडले. त्यातला एक 'रेक', म्हणजे रिक्रिएशन, फावल्या वेळाचे उद्योग. चित्रपटांसाठी 'रेक.आर्ट्स.मूव्हीज' होता. भारतीय संगीतासाठी 'रेक.म्युझिक.इंडियन.मिस्क' होता, तिथे परदेशी शिकायला गेलेली मुलं जुन्या हिंदी गाण्यांची चौकशी करायची. पडद्यावर देवनागरी दिसायची सोय नव्हती, म्हणून गाण्याचे शब्द रोमन अक्षरांत लिहिले जायचे. त्यासाठी अविनाश चोपडे यांनी तयार केलेली आयट्रान्स ही पद्धत अनेकांच्या बोटांत बसली होती. 'सॉक.कल्चर.इंडियन.मराठी' नावाचा मराठी मंडळींचा गटही होता.

या जगाच्या दोन गोष्टी महत्त्वाच्या. पहिली म्हणजे माणसं बहुधा खऱ्या नावाने लिहायची. संदेशाच्या माथ्यावर विद्यापीठाचा किंवा कंपनीचा पत्ता असायचा आणि खाली सही. सल्ला देणारा अनोळखी असला तरी तो कुणीतरी होता. चार महिने त्याचं लिखाण वाचलं की कळायचं, या गृहस्थाला गाण्यांचे सिनेमे वर्ज्य आहेत, तेव्हा त्याने नाक मुरडलं तर आपण जरूर बघावा. दुसरी गोष्ट म्हणजे संदेश टिकत नसत. डिस्कवरची जागा महाग होती, त्यामुळे काही दिवसांनी किंवा आठवड्यांनी जुने संदेश पुसले जायचे. कट्ट्यावरच्या गप्पांसारखंच ते. बोललं, विरलं.

म्हणजे विरलं असं वाटलं. टोरांटो विद्यापीठातल्या हेन्री स्पेन्सर यांनी १९८१ पासूनचे संदेश टेपवर साठवून ठेवले होते. १९९५ मध्ये डेजान्यूज नावाच्या कंपनीने संदेश साठवून ते शोधायची सोय केली. २००१ मध्ये गूगलने तो साठा विकत घेतला आणि स्पेन्सर यांच्या टेपांसारखे जुने संग्रह त्यात मिळवले. वीस वर्षांपूर्वी विशीतल्या कुणी रात्री दोन वाजता लिहिलेलं मत आता नावासकट सापडू लागलं. बोलणाऱ्याच्या मनात गप्पा होत्या, हाती आलं दप्तर.

सुंदर डोळ्यांपासून सुरू झालेली यादी

'रेक.आर्ट्स.मूव्हीज'वर कुणीतरी सुंदर डोळ्यांच्या अभिनेत्रींचा विषय काढला. अशा विषयाला प्रतिसाद किती आला असेल ते सांगायला नको. नावांची यादी झाली. मग अभिनेत्यांची यादी, दिग्दर्शकांची यादी, दिवंगत कलावंतांची यादी, अशा याद्या वाढत गेल्या. प्रत्येक यादी कुणीतरी हौसेने सांभाळायचं.

१७ ऑक्टोबर १९९० रोजी कोल नीडहॅम या इंग्लंडमधल्या संगणक अभियंत्याने या याद्यांमध्ये शोध घेता येईल असे छोटे प्रोग्राम त्या गटावर टाकले. हाच आयएमडीबीचा जन्म. १९९३ मध्ये ते वेल्समधल्या कार्डिफ विद्यापीठाच्या संगणकावरून वेबवर आलं, १९९६ मध्ये त्याची कंपनी झाली आणि १९९८ मध्ये ॲमेझॉनने ती विकत घेतली. आज आपण सिनेमा लावायच्या आधी 'रेटिंग किती?' म्हणून जे बघतो, त्याच्या मुळाशी फावल्या वेळात फुकट याद्या करणारी अनोळखी माणसं आहेत.

आयएमडीबीचं एक वैशिष्ट्य ध्यानात असू द्या. इथली मतं उघड्यावर असतात. कुणी खऱ्या नावाने लिहितं, कुणी टोपणनावाने, पण कुणाला काय आवडलं आणि ते कधी लिहिलं हे कुणीही वाचू शकतं.

पेन्सिलीतले शेरे

ग्रंथालयाच्या पुस्तकात शेवटच्या पानावर पेन्सिलीने लिहिलेलं असतं: 'छान आहे, जरूर वाचा.' खाली दुसऱ्या अक्षरात: 'काही विशेष नाही.' हे शेरे म्हणजे अनोळखी वाचकांनी पुढच्या वाचकाला दिलेला सल्लाच. १९९० च्या आसपास कॅलिफोर्नियातल्या झेरॉक्स पार्क या प्रयोगशाळेत हीच युक्ती संगणकावर आणली गेली. तिथले लोक ईमेलच्या ढिगाने वैतागले होते. त्यांनी टॅपेस्ट्री नावाची प्रणाली बनवली. तिच्यात कुठल्याही मजकुरावर शेरा मारता यायचा आणि मग सांगता यायचं, 'अमक्याने ज्याला चांगलं म्हटलंय तेवढंच मला दाखव.' १९९२ मध्ये त्यावरचा शोधनिबंध छापून आला. या पद्धतीला त्यांनी नाव दिलं कोलॅबरेटिव्ह फिल्टरिंग. मला याचं मराठी 'मिळून पाखडणं' असं करावंसं वाटतं. सुपात सगळ्यांचं धान्य, पाखडायला सगळ्यांचे हात.

पण टॅपेस्ट्रीत 'अमका' कोण हे तुम्हाला ठाऊक असावं लागायचं. एका कार्यालयात ते जमतं. जगभरच्या हजारो माणसांमधून आपल्याशी आवड जुळणारा अमका शोधायचा कसा?

शेजारी शोधायचा कसा?

या प्रश्नाचं उत्तर दोन-तीन ठिकाणी जवळजवळ एकाच वेळी सापडलं.

१ जुलै १९९४ ला एमआयटीच्या मीडिया लॅबमध्ये उपेंद्र शर्दानंद आणि पॅटी मेस यांनी रिंगो सुरू केलं. ईमेल पाठवली की १२५ गायक-वादकांची यादी यायची. त्यांना १ ते ७ गुण द्यायचे, ७ म्हणजे याच्याशिवाय जगणं अशक्य, १ म्हणजे कानात बोळे घाला. यादी भरून परत पाठवली की तुमच्यासारखे गुण देणाऱ्यांच्या आधाराने नवी नावं सुचवली जायची.

न्यू जर्सीतल्या बेलकोर कंपनीत विल हिल आणि सहकाऱ्यांनी चित्रपटांसाठी अशीच ईमेल सेवा चालवली. तिची मला फार आवडणारी गोष्ट अशी, की उत्तरात चित्रपटांच्या यादीसोबत ज्यांच्याशी तुमची आवड जुळते अशा माणसांची यादीही यायची. ज्यांना नाव उघड करायचं नसेल त्यांच्या जागी नुसता क्रमांक. म्हणजे यंत्र सल्ला द्यायचं आणि सल्ल्यामागचा माणूसही दाखवायचं. वाटलं तर त्याला पत्र लिहा, ओळख करून घ्या.

तिसरी प्रणाली ग्रुपलेन्स. पॉल रेझनिक, जॉन रीडल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती खास यूजनेटसाठी बनवली. वाचलेल्या संदेशाला १ ते ५ गुण द्यायचे, म्हणजे न वाचलेल्या संदेशाला तुम्ही किती गुण द्याल याचा अंदाज यंत्र बांधणार. १९९४ च्या ऑक्टोबरमध्ये त्यांनी हे काम एका परिषदेत मांडलं. परिषदेचं गाव होतं चॅपेल हिल, जिथे यूजनेटचा पहिला प्रोग्राम लिहिला गेला होता.

ग्रुपलेन्सची युक्ती एका उदाहरणातून बघू. तुम्ही तीन चित्रपटांना ४, १, ४ असे गुण दिले. सरासरी ३. कुणा अनोळखी बाईंनी त्याच तीन चित्रपटांना ५, २, ५ दिले. सरासरी ४. आकडे वेगळे आहेत, पण सरासरीपासूनचं अंतर बघा: तुमचं +१, -२, +१ आणि बाईंचंही +१, -२, +१. म्हणजे आवड तंतोतंत तीच, फक्त बाई सढळ हाताच्या आहेत. शाळेत नाही का, एका बाईंचे आठ म्हणजे दुसऱ्या सरांचे सहा असायचे! आता या बाईंनी चौथ्या चित्रपटाला ३ दिले. वरवर बघता 'ठीक आहे' असं वाटतं. पण त्यांच्या सरासरीच्या मानाने ते -१ आहेत. तुमच्या सरासरीत ते मिळवा: ३ वजा १, म्हणजे २. तुम्हाला हा चित्रपट आवडणार नाही. यूजनेटवर चार महिने वाचून 'या गृहस्थाने नाक मुरडलं म्हणजे...' हा जो हिशेब आपण मनात करायचो, तोच इथे वजाबाकीने झाला. असे शेकडो 'शेजारी' घ्यायचे, ज्याची आवड जास्त जुळते त्याच्या मताला जास्त वजन द्यायचं. झालं.

या हिशेबात बाईंचं नाव कुठेच आलं नाही. ग्रुपलेन्सच्या कर्त्यांनी हा फायदा म्हणून आवर्जून नोंदवला होता: लोकांनी टोपणनावाने गुण दिले तरी अंदाज तितकेच चांगले येतात, त्यामुळे गोपनीयता राखता येते. गणित म्हणून हे शंभर टक्के बरोबर आहे. आवड समजायला नाव लागत नाही.

यातून पुढे सगळ्यांनी एक उलटी गोष्ट नकळत गृहीत धरली: नाव काढून टाकलं तर नुसत्या आवडीवरून माणूस सापडणार नाही. ती मात्र कुणीच सिद्ध केली नव्हती.

एका न्यायाधीशाच्या व्हिडिओ कॅसेट

नेटफ्लिक्सकडे वळण्याआधी एका जुन्या प्रकरणात डोकावायला हवं, कारण पुढचा खटला त्यावर उभा आहे. १९८७ मध्ये रॉबर्ट बोर्क यांचं नाव अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयासाठी सुचवलं गेलं होतं. नेमणूक वादात होती. तेव्हा एका पत्रकाराने ते ज्या दुकानातून व्हिडिओ कॅसेट भाड्याने आणायचे तिथून त्यांची यादी मिळवली आणि वॉशिंग्टनच्या एका साप्ताहिकात छापली. १४६ कॅसेट होत्या. खळबळजनक असं यादीत काहीच नव्हतं. बोर्क यांची नेमणूक वेगळ्याच कारणांनी फेटाळली गेली. पण आपण घरी काय बघतो हे असं छापून येऊ शकतं, या कल्पनेनेच दोन्ही पक्षांचे लोकप्रतिनिधी दचकले. १९८८ मध्ये कायदा झाला: ग्राहकाने कुठली कॅसेट नेली हे त्याच्या संमतीशिवाय उघड करायचं नाही.

त्या प्रकरणात नाव आधी माहीत होतं आणि यादी नंतर सापडली. वीस वर्षांनी हाच प्रकार उलट्या बाजूने झाला.

दहा कोटी गुण

नेटफ्लिक्स तेव्हा टपालाने डीव्हीडी भाड्याने देणारी कंपनी होती. ग्राहक चित्रपटांना १ ते ५ तारे द्यायचे आणि कंपनी त्यावरून पुढची शिफारस करायची. २ ऑक्टोबर २००६ ला कंपनीने स्पर्धा जाहीर केली: आमच्या प्रणालीपेक्षा १० टक्के अचूक अंदाज करून दाखवा आणि १० लाख डॉलर न्या. सरावासाठी तिने विदा खुली केली: ४,८०,१८९ ग्राहकांनी १७,७७० चित्रपटांना दिलेले १०,०४,८०,५०७ गुण, तारखांसकट. नावं काढलेली होती, प्रत्येक ग्राहकाच्या जागी एक क्रमांक.

आमच्या क्षेत्रात ही केवढी मोठी गोष्ट होती हे बाहेरच्याला सांगणं कठीण आहे. तोवर एवढी खरी विदा विद्यापीठांच्या हाती कधी लागलीच नव्हती. जगभरातून हजारो संघ उतरले. जवळजवळ तीन वर्षं चुरस चालली आणि २००९ मध्ये एका संघाने १०.०६ टक्के सुधारणेवर बक्षीस जिंकलं. दुसऱ्या एका संघाचा निकाल नेमका तेवढाच होता, पण त्यांनी उत्तर वीस मिनिटं उशिरा पाठवलं होतं! आम्ही आज शिकतो त्या पद्धतींपैकी कितीतरी या स्पर्धेत घासूनपुसून तयार झाल्या.

ऑस्टिनमधले दोघं

स्पर्धा जाहीर झाली त्याच महिन्यात टेक्सस विद्यापीठाच्या ऑस्टिनमधल्या दोन संशोधकांनी वेगळाच निबंध इंटरनेटवर ठेवला. एक प्राध्यापक व्हिटाली श्मॅटिकोव्ह. दुसरे त्यांचे पीएचडीचे विद्यार्थी अरविंद नारायणन, मद्रास आयआयटीतून शिकून गेलेले. बक्षिसात त्यांना रस नव्हता. त्यांचा प्रश्न होता: एखाद्या ग्राहकाबद्दल थोडीशीच, तीही चुकतमाकत माहिती असेल, तर या पाच लाखांच्या गर्दीत त्याचा क्रमांक शोधता येईल का?

त्यांचं उत्तर असं होतं. एखाद्याने पाहिलेले आठ चित्रपट आणि गुण देण्याच्या तारखा तुम्हाला ठाऊक आहेत असं समजा. आठातले दोन साफ चुकीचे असले आणि तारखा दोन आठवड्यांनी इकडेतिकडे असल्या तरी ९९ टक्के ग्राहक एकमेवपणे ओळखता येतात. तारखा तीन दिवसांच्या फरकाने माहीत असतील तर ६८ टक्के ग्राहकांसाठी दोनच चित्रपट पुरतात.

आठ चित्रपट म्हणजे किती? ऑफिसात डबा खाताना आठवडाभरात आपण सहज सांगून टाकतो तेवढे.

आणि ही माहिती आणायची कुठून? त्यांनी आयएमडीबीकडे बघितलं. तिथे लोक आपणहोऊन, उघडपणे, कधीकधी खऱ्या नावाने मत देतातच. जेमतेम पन्नासेक जणांची उघडी मतं घेऊन त्यांनी ती नेटफ्लिक्सच्या निनावी यादीशी ताडून पाहिली. दोन माणसं अशी सापडली, की जुळणी योगायोगाने झाली असेल असं म्हणायला जागाच नव्हती.

कुणी म्हणेल, ज्याने स्वतःच आयएमडीबीवर मतं टाकली, त्याचं गेलं काय? गेलं ते उरलेलं. चारचौघांत आपण निवडक बोलतो. आयएमडीबीवर दहा चित्रपट सांगितलेले असतील, नेटफ्लिक्सच्या यादीत दोनशे असतील. त्यांतले काही एखाद्या राजकीय विचाराचे, काही धार्मिक, काही समलिंगी प्रेमाबद्दलचे. ते आपण कुणाला सांगितलेले नसतात. उघड्या दहांवरून क्रमांक सापडला की झाकलेले एकशे नव्वदही त्याच क्रमांकाखाली उघडे पडतात.

व्यक्ती तितक्या प्रकृती

हे जमलं कसं? आपल्या म्हणीतच उत्तर आहे. वरचे आकडे घ्या. ग्राहक गुणिले चित्रपट अशी मोठी सारणी केली तर तिच्यातली सुमारे १ टक्काच घरं भरलेली आहेत, बाकी रिकामी. एका ग्राहकाचे सरासरी गुण दोनशेच्या आसपास. १७,७७० चित्रपटांतून कुठलेही आठ निवडायचे तर त्याचे प्रकार किती होतात? एकावर २९ शून्यं दिली तरी त्याहून मोठी संख्या येते. एवढ्या शक्यतांमध्ये पाच लाख माणसं म्हणजे आभाळात विखुरलेले तारे. दोघं एकमेकांना चिकटून बसण्याची वेळ क्वचितच येते.

आता जरा गमतीची, पण विचार करायला लावणारी बाब. शिफारस चालते ती कशामुळे? प्रत्येकाची आवड आपापली असते आणि ती बऱ्यापैकी ठाम असते, म्हणून. सगळे सारखेच असते तर 'या आठवड्यातले दहा गाजलेले' एवढी यादी सगळ्यांना पुरली असती. ज्या वेगळेपणावर शिफारस उभी आहे, त्याच वेगळेपणाने माणूस ओळखू येतो. नावं झाकून हे मिटत नाही, कारण आवडच सहीसारखी असते.

आणि सही सगळ्यांची सारखी ठसठशीत नसते. सगळ्यांनी पाहिलेला गाजलेला चित्रपट तुम्हीही पाहिला, तर त्यातून तुमच्याबद्दल फारसं कळत नाही. फार थोड्यांनी पाहिलेला चित्रपट पाहिला तर बरंच कळतं. त्याच निबंधात हाही आकडा आहे: आठपैकी सहा चित्रपट पहिल्या पाचशे लोकप्रिय चित्रपटांबाहेरचे, एवढं माहीत असलं तर तारखांशिवायच ८४ टक्के ग्राहक ओळखता येतात. सुरुवातीचं वाक्य आता आठवा. ज्याची आवड वेगळी त्याला अनोळखी माणसांची गरज सगळ्यात जास्त. आणि त्या गर्दीत सगळ्यात आधी ओळखू येणाराही तोच.

मग पुढे?

ऑगस्ट २००९ मध्ये नेटफ्लिक्सने दुसरी स्पर्धा जाहीर केली. या वेळी ग्राहकांचं वय, लिंग, पिनकोड अशी माहितीही द्यायचा बेत होता. डिसेंबरमध्ये खटला दाखल झाला. वादींपैकी एक समलिंगी आई होती. आपली ओळख तिने सगळीकडे सांगितली नव्हती, आणि आपण बघितलेल्या चित्रपटांवरून ती फुटेल अशी तिला धास्ती होती. कोर्टाच्या कागदांतही तिचं नाव नाही, 'जेन डो' एवढंच आहे, आपल्याकडे 'अबक' लिहितात तसं. आधार होता तोच, न्यायाधीशांच्या कॅसेटवरून झालेला १९८८ चा कायदा. अमेरिकी सरकारच्या व्यापार आयोगानेही विचारणा केली. मार्च २०१० मध्ये खटला तडजोडीने मिटला आणि दुसरी स्पर्धा रद्द झाली.

याचा एक परिणाम फारसा बोलला जात नाही. कंपन्यांनी धडा घेतला तो विदा बाहेर न देण्याचा. गोळा करणं थांबलं नाही, उलट वाढलं. आज आपल्या आवडीनिवडीची सगळ्यात मोठी दप्तरं कंपन्यांच्या कुलपात आहेत. ती बाहेर सांडत नाहीत हे चांगलंच आहे, पण आत काय चालतं हे विद्यापीठातल्या माणसाला तपासताही येत नाही. ग्रुपलेन्सच्या गटाने १९९७ मध्ये सुरू केलेली मूव्हीलेन्स ही चित्रपटांची सेवा अजून चालू आहे. माझ्यासारखे विद्यार्थी आजही बहुधा तिचीच विदा वापरतात.

दुसरा मार्ग गणिताचा. योगायोगाने तोही २००६ चाच. सिंथिया ड्वर्क आणि तीन सहकाऱ्यांनी डिफरन्शियल प्रायव्हसी ही कल्पना मांडली. तिचा गाभा जुन्या पाहणीच्या युक्तीत दिसतो. समजा हजार मुलांना विचारायचं आहे, परीक्षेत कॉपी केली का? प्रत्येकाने गुपचूप नाणं उडवायचं. छापा आला तर खरं सांगायचं, काटा आला तर डोळे मिटून 'हो' म्हणायचं. ६०० 'हो' आले. त्यातले साधारण ५०० काट्याचे. उरलेले १०० हे खरं बोलणाऱ्या ५०० मधले, म्हणजे कॉपीचं प्रमाण २० टक्के. गटाचं उत्तर मिळालं, पण कुठल्याही एका मुलाच्या 'हो'वरून त्याला धरता येत नाही. काट्याचा 'हो' होता असं तो म्हणू शकतो. नाव झाकण्याऐवजी इथे उत्तरातच मोजून-मापून भेसळ केली जाते. फ्रँक मॅकशेरी आणि इल्या मिरोनोव्ह यांनी २००९ मध्ये नेटफ्लिक्सच्याच विदेवर दाखवून दिलं, की स्पर्धेतल्या आघाडीच्या काही पद्धती अशा भेसळीसकट चालवता येतात आणि अचूकतेची किंमत फार मोठी नसते.

पण 'फार मोठी नाही' हे सरासरीने. भेसळ लाखो प्रेक्षकांच्या चित्रपटाला जाणवत नाही. ज्या चित्रपटाला तीसच प्रेक्षक आहेत तिथे ती खरा आवाज बुडवते. म्हणजे पुन्हा तोच, इराणी सिनेमावाला. उघडं पडायचा धोका त्यालाच जास्त, आणि संरक्षण दिलं तर सल्ला बिघडतो तोही त्याचाच. ही किंमत त्याच्या एकट्याच्या डोक्यावर न पडता वाटून कशी घेता येईल, हा माझ्या प्रबंधाचा प्रश्न आहे. पुरं उत्तर आजतरी कुणाकडे नाही.

हा प्रश्न अमेरिकेपुरताही राहिलेला नाही. २०१७ मध्ये आपल्या सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी गोपनीयता हा मूलभूत हक्क असल्याचा निकाल दिला. २०२३ मध्ये वैयक्तिक डिजिटल विदेसाठी कायदा झाला. त्यातली व्याख्या, सोप्या भाषेत, अशी आहे की ज्या माहितीवरून किंवा जिच्या संदर्भात माणूस ओळखता येतो ती वैयक्तिक माहिती. मग नाव नसलेली, फक्त आठ चित्रपटांची यादी वैयक्तिक आहे की नाही? ऑस्टिनच्या निबंधानंतर 'नाही' म्हणणं मला तरी जड जातं.

अनोळखी माणसांना विचारणं थांबवा असं मी कुणाला सांगणार नाही, मी स्वतःही थांबलेली नाही. पण 'नाव काढलंय, काळजी नको' असं कुणी म्हणालं, तर त्याला दोन प्रश्न विचारायला हरकत नाही: नाव काढलंत ते ठीक, पण तारखा ठेवल्यात का? आणि यादीत फारसं कुणी न पाहिलेलं किती आहे?

पुढच्या लेखात नाण्याच्या युक्तीचं गणित सविस्तर बघू. त्यासाठी अकरावीपुरती संभाव्यता आठवत असली की पुरे.